लिफ्ट कुणी हलवली

आमच्या मामांच्या मते जगात आपोआप काहीही होत नाही. दूध नासलं तर ते कुणीतरी नासवलेलं असतं, घड्याळ मागे पडलं तर कुणीतरी काटा फिरवलेला असतो, आणि दारावरची घंटा वाजून बाहेर कुणी दिसलं नाही, तर मामा पाच मिनिटं दारामागे दबा धरून उभे राहतात. मी पाच वर्षांची असल्यापासून त्यांच्याच घरी वाढले. माझ्या वहीचं एखादं पान फाटलेलं दिसलं की ते आधी वहीकडे बघायचे, मग माझ्याकडे, मग मामीकडे आणि शेवटी मांजराकडे. चौघांतलं सगळ्यात आधी सुटायचं ते मांजर.

दोष त्यांच्या धंद्याला द्यायला हवा. मामा लिफ्ट दुरुस्त करायचे, सव्वीस वर्षं. या धंद्यात माणूस जातो तिथे एकच वाक्य ऐकतो, "आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली." मग मामा गुडघ्यावर बसून दाराच्या खालच्या खाचेत चिमटा घालायचे आणि आतून काहीतरी काढायचे. पेनाचं टोपण, चपलेचा पट्टा, केसांतल्या पिना तर मूठभर. एकदा त्यांनी दातांची कवळी काढली होती. "ही आपोआप आत गेली का?" असं त्यांनी जमलेल्या लोकांना विचारलं, तेव्हा सगळे बोलले, एक आजोबा तेवढे तोंड घट्ट मिटून उभे होते. अशी सव्वीस वर्षं काढल्यावर माणसाच्या मानगुटीवर संशय बसला तर नवल नाही.

या संशयातून सुटलेला जगात एकच माणूस होता, त्यांचा जोडीदार. त्याला सगळे घुम्या म्हणायचे, कारण त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढण्यापैकी होतं. बावीस वर्षं दोघं जोडीने काम करत होते. मामांच्या लग्नाची तारीख मामांना आठवत नाही, पण घुम्याबरोबर दुरुस्त केलेली पहिली लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकली होती ते आठवतं. मामी यावर बोलायची ते मी इथे लिहीत नाही.

त्यांचं काम कसं चालायचं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं. लिफ्ट तपासताना एक माणूस लिफ्टच्या डब्याच्या छतावर चढतो. डब्याच्या आत नाही, वर, जिथे दोर बांधलेले असतात. त्याच्या चारी बाजूंना उंचच उंच अंधारी विहीर. दुसरा माणूस इमारतीच्या अगदी वर, मशीनच्या खोलीत बसतो. वीज बंद केलेली असते, कुलूप लावलेलं असतं आणि किल्ली छतावरच्या माणसाच्या खिशात असते. पण वर एक ब्रेकची दांडी असते. ती ओढली की वीज नसतानाही डबा सुटतो, आणि रिकामा डबा खाली नाही, वर जातो, कारण त्याला बांधलेलं पलीकडचं वजन जास्त असतं. वर जाणाऱ्या डब्याच्या छतावर माणूस उभा असेल तर त्याचं काय होईल ते सांगायची गरज नाही. म्हणून त्यांच्यात एक नेम होता. छतावरच्याने तीनदा हाक मारायची, वरच्याने तीनदा ओ द्यायची, त्याशिवाय वरच्याने दांडीला बोटसुद्धा लावायचं नाही. कंपनीने बोलायला यंत्रं दिली होती. मामांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. घुम्याच्या आवाजावर होता. दिवसभरात घुम्या जे काही बोलायचा, त्यातलं निम्मं त्या तीन ओ देण्यात खर्च व्हायचं.

त्या मंगळवारी सकाळी ते एका नऊ मजली कार्यालयाच्या इमारतीत होते. डबा सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये थांबवला होता. मामा छतावर चढले. त्यांनी नेहमीप्रमाणे छताच्या पातळीवर बाजूच्या लोखंडी पट्टीवर खडूने रेघ मारली. मग विजेरी घेऊन दोर तपासायला त्यांनी मान मागे टाकली, उजवीकडे कलवली आणि वरच्या कप्पीकडे पाहिलं.

आणि डबा सुटला.

म्हणजे मामांना तसं वाटलं. पायाखालचं छत वर उचललं गेलं, भिंती गरगरत खाली जाऊ लागल्या. त्यांनी दोराला मिठी मारली आणि खाली बसले. डोळे मिटले तरी सगळं फिरतच होतं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मला चक्कर आली. मामा सव्वीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेला माणूस. आपण फिरतोय असा विचार त्यांच्या डोक्यात शिरणार कसा? त्यांच्या डोक्यात सरळ दांडी आली.

थोड्या वेळाने सगळं थांबलं. मामांना मळमळत होतं, घामाने सदरा भिजला होता. त्यांनी वर तोंड न करताच आरोळी ठोकली, "दांडी का ओढलीस?"

वरून आवाज आला, "नाही ओढली."

मामांनी विजेरीचा झोत पट्टीवर टाकला. खडूची रेघ छताच्या अगदी बरोबरीला होती, एक केससुद्धा इकडेतिकडे नाही. शहाण्या माणसाने इथेच थांबायला हवं होतं. मामांनी काय निष्कर्ष काढला? घुम्याने दांडी ओढली, डबा वर गेला, घुम्या घाबरला आणि मशीनचं हाताने फिरवायचं चाक फिरवून त्याने डबा परत जागेवर आणून ठेवला. रेघ जुळते म्हणजे गुन्हा लपवलाय. ते मशीनच्या खोलीत गेले तेव्हा घुम्या उपड्या बादलीवर बसला होता आणि वर्तमानपत्र घडी घालून शेजारी ठेवलेलं होतं. मामांनी तेही टिपलं. वाचत बसलेल्या माणसाचं वर्तमानपत्र उघडं असतं. घडी घातली, म्हणजे हात कशासाठी तरी मोकळे केले होते.

"खरं सांग," मामा म्हणाले.

"सांगितलं की," घुम्या म्हणाला आणि गप्प बसला. मामांनी आवाज चढवला तसा तो आणखीच गप्प झाला. बावीस वर्षं मामांना आवडलेली ती शांतता त्या दिवशी त्यांना कबुलीसारखी वाटली.

तक्रार लिहिली ती मी. मामांचं अक्षर त्यांनाही वाचता येत नाही. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी सांगितलं आणि मी सुवाच्य अक्षरात उतरवलं. वर माझ्या पदरची दोन-चार सरकारी वाक्यं घातली. "लिफ्ट अंदाजे वीस सेकंद वरच्या दिशेने गेली व तदनंतर पूर्वस्थानी आणण्यात आली." तदनंतर हा शब्द लिहिताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. आज तो कागद आठवला की मला माझा हात तोडून टाकावासा वाटतो.

कंपनीच्या साहेबांनी घुम्याला बोलावलं, त्याचा परवाना टेबलाच्या खणात टाकला आणि चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं. चौकशी तीन आठवड्यांनी, शुक्रवारी. आरोप खरा ठरला असता तर परवाना कायमचा गेला असता, आणि छतावर माणूस असताना ज्याने डबा हलवला त्याला या धंद्यात कुणी दारात उभं करत नाही. घुम्याचं वय चौपन्न होतं. दुसरं काही त्याला येत नव्हतं, आणि येत असतं तरी ते मागायला त्याला बोलावं लागलं असतं.

त्याच आठवड्यात मामांना घरी चक्कर येऊ लागली. सकाळी अंथरुणातून उठायला उजव्या कुशीवर वळले की खोली फिरायची. अर्धा मिनिटभर, मग थांबायची. त्यांनी ते आमच्यापासून लपवलं. पण भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जाणारा माणूस किती दिवस लपणार? मामीने पकडलं तेव्हा म्हणाले, "त्या घुम्याने दिलेला धक्का आहे हा. त्या दिवशी मी मरता मरता वाचलो, त्याचं हे मागचं दुखणं."

कार्यकारण कसं उलटं टांगलं बघा. चक्कर आली म्हणून लिफ्ट हलल्यासारखी वाटली, हे त्यांच्या मनात आलं नाही. लिफ्ट हलली म्हणून चक्कर सुरू झाली, हे लगेच आलं. आता घुम्याच्या डोक्यावर दोन गुन्हे झाले.

घरच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला. तो उत्तम होता. अशक्तपणा असेल म्हणाले आणि दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या दिल्या. मामांनी त्या मोजल्या, हुंगल्या, एक कापून आतून पाहिली. तरी घेतल्या. तिसऱ्या दिवशी ते पेला हातात धरून बसल्या बसल्या झोपले आणि पाणी मांडीवर सांडल्यावर जागे झाले. "हे औषध चक्कर घालवत नाही," ते म्हणाले, "मला घालवतंय." गोळ्या बंद.

मग शेजारच्या शिंपिणीने सांगितलं की चक्कर मानेच्या मणक्यातून येते. मामांनी मानेचा पट्टा आणला आणि आठ दिवस तो घालून, हनुवटी वर, एखाद्या रुसलेल्या उंटासारखे घरभर फिरले. गंमत अशी की पट्ट्याने दिवसा खरंच बरं वाटलं. का, ते आम्हाला नंतर कळलं: मान हललीच नाही तर चक्कर यायची कुठून? पण पट्टा काढून झोपलं की सकाळी पुन्हा तेच.

मग त्यांचा संशय पलंगावर गेला. त्यांनी मामीबरोबर जागा बदलली. आता उठताना ते डाव्या कुशीवर वळू लागले, आणि काय आश्चर्य, चक्कर येईना! दोन दिवस त्यांनी वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी कामावरची पाणपट्टी, म्हणजे बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी पट्टी, आणून पलंगावर ठेवली, मग खाली शिरून चारही पाय मोजले. उजवीकडचा एक पाय आगकाडीच्या जाडीइतका आखूड निघाला. मामा पलंगाखालून बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांत जळमटं आणि चेहऱ्यावर विजय होता.

"या बाजूला झोपून तुला काही होत नाही?" त्यांनी मामीला विचारलं.

"नाही."

"कसं होत नाही?" असं म्हणून त्यांनी तिच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मामी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मामा फळीवरचा साखरेचा डबा काढायला वर बघत असताना साखरेसकट खाली बसले. तिथे पलंग नव्हता, घुम्या नव्हता, गोळ्या नव्हत्या. मी त्यांना उचललं आणि म्हटलं, "आता कुणाला धरणार? फळीला?" आणि तशीच बखोटीला धरून कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कानाच्या का? तर आमच्या कार्यालयातल्या एका बाईची अशीच चक्कर कानाच्या डॉक्टरांनी घालवली होती. मामांना वाटेत इतकंच सांगितलं की तपासणी आहे. कान म्हटलं असतं तर ते जिन्यातूनच परत फिरले असते.

डॉक्टर मामांहून वीस वर्षांनी लहान होत्या. मामा खुर्चीच्या टोकावर, केव्हाही उठता येईल असे बसले. पण बाईंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मामा हळूहळू मागे टेकले, कारण ते प्रश्न मिस्त्रीचे होते. चक्कर येते म्हणजे नेमकं काय होतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, की खोली फिरते? किती वेळ, तास की सेकंद? मान कशी असताना? कुठल्या कुशीवर? ऐकू कमी येतं का, कानात आवाज येतो का? हातापायातली शक्ती जाते, जीभ जड होते, एकाचे दोन दिसतात, डोकं कधी नव्हे इतकं दुखतं, असं काही?

"असं काही नाही," मामा म्हणाले.

"असतं तर मी तुम्हाला इथे बसवून घेतलं नसतं, ताबडतोब मोठ्या दवाखान्यात धाडलं असतं. पहिल्यांदा कधी झालं?"

"अंथरुणात. एका बुधवारी."

"त्याआधी कधी? वर बघताना?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही," ते म्हणाले.

ते खोटं बोलले. मामांना खोटं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच क्षणी मलाही सगळं दिसलं.

डॉक्टरांनी त्यांना तपासणीच्या लांब कॉटवर पाय पसरून बसवलं, मान उजवीकडे वळवली आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला पटकन मागे झोपवणार आहे. डोकं कॉटच्या कडेखाली थोडं लोंबेल. काहीही झालं तरी डोळे उघडे ठेवायचे." मग मला म्हणाल्या, "तुम्ही फोनवर त्यांच्या डोळ्यांचं चित्रण करा. यांना दाखवल्याशिवाय पटेल असं वाटत नाही." पाच मिनिटांत बाईंनी माणूस ओळखला होता.

मामांना मागे झोपवलं. काही सेकंद काहीच झालं नाही. "बघा, मी म्हणत होतो..." असं मामा म्हणायला लागले आणि एकदम दोन्ही हातांनी त्यांनी कॉटची कड धरली.

"हलली! कॉट हलली! कुणी हलवली?" आणि मग माझ्याकडे, "तू हलवलीस?"

माझे दोन्ही हात फोनवर होते. डॉक्टरांचे दोन्ही हात त्यांच्या डोक्यावर होते. कॉट भिंतीला पक्की बसवलेली होती.

चक्कर थांबल्यावर डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं आणि चित्रण दाखवायला सांगितलं. पडद्यावर मामांचे डोळे झटके देत गोल फिरत होते, पुन्हा पुन्हा एकाच बाजूला. मामांनी ते तीनदा पाहिलं.

"हे माझेच डोळे?"

"भुवईवरचा तीळ तुमचाच आहे ना?" मी म्हटलं.

डॉक्टरांनी कागदावर कान काढून दाखवला. कानाच्या आत, ऐकण्याच्या जागेच्या मागे, तीन बारीक वळलेल्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. मान फिरली की पाणी हलतं, आणि त्यावरून डोक्याला कळतं की आपण कुठे वळलो. शेजारच्या कप्प्यात चुन्याचे अगदी बारीक कण चिकटलेले असतात. त्यातले काही सुटून नळीत शिरले की मान थांबली तरी ते आत घरंगळत राहतात, आणि डोक्याला वाटतं आपण अजून फिरतोय. कण खाली बसले की चक्कर थांबते. मान पुन्हा तशीच वळली की पुन्हा येते. जिवाला धोका नाही. गोळ्यांनी कण जागेवर जात नाहीत.

"पाणपट्टीतला बुडबुडा चुकीचं दाखवतोय," मामा हळूच म्हणाले.

"तसंच समजा."

"पण कण सुटले कशाने? कुणी... म्हणजे कशाने तरी सुटले असतील ना?"

"कधी डोक्याला मार लागून सुटतात. वय झालं की पुष्कळदा आपोआप."

आपोआप! मी मामांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षं ज्या शब्दावर ते हसत आले तो त्यांच्या उजव्या कानात बसला होता. मला एरवी हसू आलं असतं. त्या दिवशी नाही आलं, कारण मी फोनवरचे आकडे बघत होते. डोळे फिरायला लागल्यापासून थांबेपर्यंत बावीस सेकंद झाले होते. अंदाजे वीस सेकंद, तदनंतर पूर्वस्थानी. माझंच अक्षर.

उपचाराला कात्री लागली नाही की सुई लागली नाही. पुन्हा मागे झोपवलं, मान उजवीकडे. थांबले. मग मान डावीकडे. थांबले. मग सबंध अंगच डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. थांबले. मग हळूच उठवून बसवलं. एवढंच. दोनदा केलं. "कण नळीतून फिरवून परत त्यांच्या कप्प्यात नेले," डॉक्टर म्हणाल्या. "गरज पडली तर आठवड्याने पुन्हा करू. पण ही चक्कर काही महिन्यांनी, काही वर्षांनी परत येऊ शकते, पुष्कळांना येते. तुमचं काम उंचीवरचं आहे का?"

"जिन्यातलं आहे," मामा म्हणाले. दुसरं खोटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उजव्या कुशीवरून उठले आणि खोली जागच्या जागी होती. मामीने नवस फेडल्यासारखा चेहरा केला. मामांनी चहा घेतला नाही. चौकशीला दोन दिवस उरले होते.

"अहो, कुणाला कळणार आहे?" मामी म्हणाली. "साहेबांना सांगा, आता मला तितकी खात्री वाटत नाही. तक्रार मागे घ्या. त्याचंही काम राहील, तुमचंही राहील. चक्कर येते म्हणून सांगितलंत तर तुम्हाला पुन्हा कोण चढू देणार छतावर?"

मी मामीची बाजू घेतली. मला लाज वाटत होती आणि ती लवकर संपावी असं वाटत होतं, म्हणून घेतली.

मामांनी थंड झालेला कप बाजूला सारला. मग म्हणाले, "खात्री नाही म्हटलं की संशय राहतो. आणि ज्याच्यावर संशय राहिलाय अशा माणसाला वर मशीनच्या खोलीत बसवून खाली छतावर कोण उभं राहील? मी राहिलो नसतो." संशयाबद्दल या माणसापेक्षा जास्त कुणाला कळत होतं?

शुक्रवारी फोन घेऊन मी बरोबर गेले. लांब टेबलापलीकडे साहेब आणि आणखी दोघं होते. घुम्या अलीकडे, इस्त्रीचा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता. त्याने मामांकडे पाहिलं नाही.

मामा उभे राहिले. "लिफ्ट हलली नव्हती," ते म्हणाले. "मला चक्कर आली होती. याने दांडीला हात लावला नाही. तक्रार खोटी आहे."

साहेबांनी आधी मामांकडे पाहिलं, मग घुम्याकडे, मग पुन्हा मामांकडे. ती नजर मी घरी वीस वर्षं पाहिलेली होती. "तुमचं दोघांचं आपसात काही ठरलंय का?" त्यांनी विचारलं. "जुने जोडीदार आहात. याने गळ घातली असेल. याच्या बायकोने रडून सांगितलं असेल."

"नाही साहेब."

"तीन आठवड्यांपूर्वी शपथेवर सांगत होतात. आज चक्कर. उद्या काय?"

मामांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खरं बोलणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवत नाही तेव्हा कसं वाटतं, ते त्यांनी त्या खोलीत पाच मिनिटं उभं राहून अनुभवलं. मला त्यांची दया आली आणि म्हणावंसंही वाटलं, घ्या! मग मी डॉक्टरांकडून लिहून आणलेलं पत्र पुढे केलं आणि फोनवरचे डोळे दाखवले. चित्रणात "कुणी हलवली? तू हलवलीस?" हे मामांचं ओरडणंही स्पष्ट ऐकू येत होतं. टेबलापलीकडचा एक माणूस हसला. घुम्या हसला नाही. त्याने मान वर करून पहिल्यांदा मामांकडे पाहिलं.

साहेबांनी खण उघडला, घुम्याचा परवाना काढला आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवला. मग मामांपुढे हात पसरला. मामांनी आपला परवाना खिशातून काढून त्यांच्या हातात ठेवला, आणि तो त्याच खणात गेला. छताचं काम बंद. सोमवारपासून कार्यशाळेत, टेबलावर, मोटारी उघडायला.

आम्ही तिघं जिन्याने खाली उतरलो. दुसऱ्या मजल्यावर मामा थांबले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तू म्हणशील ते ऐकून घेईन."

घुम्या कठड्याला हात लावून उभा राहिला. तो बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"चक्कर कुणालाही येते," तो म्हणाला. "लिफ्ट हलली असं तुला वाटलं, ते मला पटतं. मीही छतावर उभा राहिलोय. पण लिफ्ट हलली, म्हणजे मी हलवली, हे तुझ्या मनात यायला किती वेळ लागला? तेवढंच सांग."

मामांना खोटं बोलता आलं असतं. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा बोलून पाहिलं होतं.

"लगेच आलं," ते म्हणाले.

घुम्याने मान हलवली. बिघाड नेमका कुठे आहे ते कळलं की तो हलवायचा तशी, एकदाच. मग तो खाली उतरून गेला, आणि मामा दुसऱ्या मजल्यावरच पायरीवर बसले. मी विचारलं, "चक्कर येते का?" ते नाही म्हणाले.